व्हय अक्का

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून ॲप सुरू झालं. नागनाथा, तूच सांभाळ रे बाबा, कारण माणिकरावांना शब्द मी देऊन बसलेय.

गेल्या हंगामापर्यंत दुपार व्हायच्या आत माझा कान फोननं तापून लाल व्हायचा. वाफेवर हळद शिजवून देणारे, ट्रॅक्टरमागे ओढायचे आमचे पाच कुकर, आणि कळमनुरीपासून औंढ्यापर्यंतचे हळदवाले शेतकरी. प्रत्येकाची हळद कालच निघालेली आणि प्रत्येक जण माणिकरावांचा पाहुणा. माणिकराव आमचे मालक. मनानं लय चांगले, पण कुणाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. एकच कुकर तिघांना कबूल करून हे जेवायला घरी, आणि शिव्या खायला ऑफिसात मी.

आता ती कटकट गेली. हळद किती आहे, काढून किती दिवस झाले, आभाळ कसं आहे, कुकर किती लांब आहे, हे सगळं बघून ॲप कामाला घाईप्रमाणे लाल, पिवळा नाहीतर हिरवा रंग देतं आणि आपोआप एका ड्रायव्हरच्या मोबाइलवर पाठवतं. त्यानं ‘स्वीकारा’ दाबायचं किंवा ‘नाकारा’. मी माणिकरावांना बजावलंय, मध्ये हात कुणी घालायचा नाही, तुम्ही नाही आणि मीही नाही. ते म्हणाले, “पाडव्यापर्यंत बघू. जमलं तर बराबर, न्हाईतर तू आन् तुझा फोन.”

सकाळी पाचही ड्रायव्हरांची माहिती भरली. त्यात एक प्रश्न होता, कोणत्या गावी काम घेणार नाही? मला वाटलं, कुणी लांबचं गाव सांगेल, कुणी रस्ता खराब असलेलं. तर लखमा सगळ्यांच्या आधी म्हणाला, “लिहा म्याडम, माझी सासरवाडी.” मग रत्नपालनं त्याची सांगितली, सुदामनं त्याची. स्वप्निलचं लग्न व्हायचंय, तर तो म्हणतो, “माझी जागा मोकळी ठेवा.” लखमा म्हणाला, “तोंडाला राख, हाताला काजळी, आन् सासू म्हणणार जावईबापू बसा, पुरण घालते. कुकर गार पडंल की व!” सगळे खो खो हसले.

एका शिवहारनंच तो रकाना कोरा सोडला. हा माझा धाकटा भाऊ, पाचवा ड्रायव्हर. पहिल्यापासून विसराळू. संध्याकाळी मीच त्याच्या नावापुढे ‘शिरड शहापूर’ भरून टाकलं. नाहीतर जायचा बावळट सासऱ्याच्या वावरात मजुरीला.

सासरवाडीवरून सीमा आठवली. शिवाची बायको दिवाळीला लेकराला घेऊन माहेरी गेली ती अजून आलेली नाही. भांडण नाही, तंटा नाही, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. संक्रांतीला शिवा आणायला गेला, तर “येते चार दिवसांनी” म्हणाली. माझ्या फोनवरही तेच. मला खरंच कळत नाही, ही पोरगी येत काहून नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ॲप झकास चाललंय. काल कनेरगाव नाक्याच्या बाजूला दोन कामं होती, दोन्ही त्यानं एकामागे एक लावून रत्नपालला दिली. मी असते तर एकाला सकाळी आणि एकाला परवा पाठवलं असतं.

घरी मात्र बोंब आहे. आईच्या गुडघ्यांना शेक, तिचं पथ्याचं वेगळं, दळण, पाणी, दोन डबे. मी आणि शिवा मिळूनही उरकत नाही. सीमा होती तेव्हा कळतही नव्हतं. मी ऑफिसातून फोन करायचे. सीमा, संध्याकाळी पाहुणे आहेत, भाकरी जास्तीच्या टाक. व्हय अक्का. सीमा, गच्चीवरच्या टाकीला शेवाळ धरलंय. व्हय अक्का. सीमा, शेजारच्या काकूंच्या सुनेचं डोहाळजेवण आहे, तू करून देशील असं मी सांगून आलेय. व्हय अक्का. दुसरी असती तर तोंड वाकडं केलं असतं. सीमाचं कधीच नाही. मला ती पोरगी पहिल्या दिवसापासून आवडते आणि मी ते तिला कितीदा बोलूनही दाखवलंय, की तुझ्यासारखी मिळाली हे आमचं नशीब.

आणि चिमी! दोन वर्षांचं लेकरू, पायरीवर बसून आत्या आत्या करायचं. आज तिचा एक मोजा पलंगाखाली सापडला आणि मी तिथंच फरशीवर बसून रडले. आईला वाटलं कंबर धरली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज माणिकरावांशी वाजलं. त्यांच्या साडूची हळद हिरव्यात होती आणि त्यांना ती आजच्या आज लालमध्ये पाहिजे होती. मी म्हटलं, “मालक, यंत्राला साडू नसतो.” ते म्हणाले, “यंत्राला नसंल, मला हाये की. बायको जेवू घालायची न्हाई.” मी हलले नाही. एकदा एकासाठी हात घातला की मग सगळ्यांचाच घालावा लागतो. शेवटी त्यांनी साडूला फोन करून सांगितलं, “ऑफिसातली बाई लय कडक हाये, माझं बी ऐकत न्हाई.” सांगताना जरा खूशच दिसले. पहिल्यांदाच कुणाला तरी नाही म्हणायला मिळालं ना.

दुपारी शिरड शहापूरहून बुकिंग आलं. नाव नामाजी. म्हणजे सीमाचे वडील! हळद किती, तर इनमिन दहा गुंठ्यांची. एवढी हळद माणूस घरी कढईत शिजवतो. ॲपनं हिरवा रंग देऊन लखमाला पाठवली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ह्या नामाजीमामांना नेमकं पाहिजे काय? लखमाचं नाव त्यांच्या मोबाइलवर गेलं, की बुकिंग रद्द. दुसऱ्या दिवशी परत बुकिंग. सुदामचं नाव गेलं, पुन्हा रद्द. आज परत! मी फोन लावला. “मामा, काय अडचण आहे?” तर म्हणतात, “मला काय ठावं बाई, माझा मोबाइल माझ्या हातात कुठं ऱ्हाते. हळद आजून वल्ली हाये मनं.” मागून कुणीतरी बाई हळूच म्हणाली, “आबा, कोण येऊन राहिलं तेवढं इचारा.” आवाज ओळखीचा वाटला, पण मामांनी फोन ठेवला.

म्हातारी माणसं आणि मोबाइल. जाऊ दे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज नको ते झालं. लखमा कुकरपाशी उभ्या उभ्या झोपला आणि वाफेच्या नळीवर हात टेकला. कोपरापर्यंत भाजलाय. डॉक्टर म्हणाले बरं होईल, पण दहा दिवस काम बंद.

दवाखान्यात त्याची बायको गोजरबाई आली. मला वाटलं आरडाओरडा करेल. केला नाही. त्याच्या उशाशी बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्यो न्हाई म्हणत न्हाई मनून त्याला दमायला बी होत न्हाई का वो?”

ऑफिसात येऊन कामं तपासली तर काय! बाकीचे चौघं दोन-दोन कामं करतात आणि लखमाच्या मोबाइलवर चार-चार. त्यानं एकदाही ‘नाकारा’ दाबलेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ज्यानं ॲप बनवून दिलं त्या पुण्याच्या पोराला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, सिस्टिम शिकत जाते. जो नाकारत नाही तो तिच्या दृष्टीनं मोकळा आणि भरवशाचा, त्यामुळे त्याला जास्त कामं जातात. चूक नाही ती.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, “अरे बाबा, भरवशाच्या माणसाला असं मारतात का? गुपचूप करतो म्हणून त्याच्याच डोक्यावर ठेवत जायचं? त्याचं तोंड कधी बघितलं का तुझ्या सिस्टिमनं?” तो म्हणाला, “मॅडम, पण त्यानं सांगायला हवं ना.” मी म्हटलं, “काही माणसांना सांगता येत नाही! ते समोरच्यानं बघायचं असतं!” एवढ्या मोठ्यानं ओरडले की माणिकराव आतून बाहेर आले.

शेवटी रोजच्या कामाला मर्यादा घालून घेतली. संध्याकाळी लखमाच्या घरी गेले, मोबाइल त्याच्या डाव्या हातात दिला आणि त्याला ‘नाकारा’ दाबायला शिकवलं. तो लाजत होता. “म्याडम, बरं दिसत न्हाई वो. तुमाला वाटंल लखमा शेफारला.” मी त्याला शपथच घातली.

घरी आईला सगळं सांगितलं, त्या पोराला कसं झाडलं तेही. म्हटलं, कसली आंधळी माणसं असतात बघ, जो निमूट करतो त्यालाच जुंपतात. आई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “जेव बाई. भाकर गार होऊन राहिली.”

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपास. साबुदाणा चिकट झाला. सीमाचा मोकळा व्हायचा.

आज एक चोरी पकडली. शिवानं त्याच्या नावापुढचं ‘शिरड शहापूर’ काढून टाकलंय. मी परत भरलं. दुपारी बघते तर पुन्हा गायब. संध्याकाळी तो भगर खायला बसला तेव्हा विचारलं.

“शिवा, तुला तिथं काम घ्यायचंय का?”

“राहू दे ना अक्का तसं.”

“अरे, लोक हसतील. जावई सासऱ्याच्या वावरात कुकर घेऊन गेला म्हणतील.”

“हसू दे.”

“भेटायचं असेल तर तसा जा ना, पाहुणा म्हणून. कोण नको म्हणतंय?”

मग तो बोलला. इतकं सलग तो वर्षभरात बोलला नसेल. “पाव्हणा मनून गेलं की मला बाजेवर बसवतेत. मामा समोर बसते, पावसापाण्याचं बोलते. सीमा आत चुलीपाशी. ताट आलं की ती पडद्याआड. संक्रांतीला दिसभर होतो, तिच्यासंगं दोन शब्द झाले न्हाईत. फोनवर मागं सगळं घर. काम घेऊन गेलो तर वावरात असतो अक्का. कुकरपाशी. तिथं ती हळदीच्या पाट्या घेऊन येईल. तिथं कोण बाजेवर बसवते?”

म्हटलं, बरं, राहू दे कोरं.

पण त्यानं जे मागितलंच नाही ते मी कसं देऊ? शिवाचा कुकर सध्या कळमनुरीच्या अलीकडे फिरतो. औंढ्याच्या बाजूला रत्नपाल आणि सुदाम जवळ आहेत. ॲप त्याला तिकडे पाठवणारच नाही. मी मनात आणलं तर एका बोटानं पाठवू शकते. माणिकरावांच्या साडूला नाही म्हणणारी मीच ना? आता स्वतःच्या भावासाठी हात घातला, तर पाचही जणांना तोंड कसं दाखवू? पण माझ्या भावाचं घर मोडायला आलंय, हे पण खरं. देवासमोर बसले तरी काही सुचलं नाही.

२ मार्च, रविवार

हात घातला नाही. दोनदा मोबाइल उचलला आणि दोनदा ठेवला. शिवा काही विचारत नाही. तो विचारत नाही याचाच जास्त त्रास होतो.

लखमा आजपासून कामावर. हाताला पट्टी आहे.

४ मार्च, मंगळवार

आज ऑफिसात बंड झालं!

नामाजीमामांचं बुकिंग परत आलेलं होतं आणि इतके दिवस रखडल्यामुळे ॲपनं ते हिरव्यातून थेट लालमध्ये टाकलं. सकाळी रत्नपालला गेलं. तो वीस मिनिटांवर होता. ‘नाकारा’. मग सुदामला. ‘नाकारा’. त्याला फोन केला तर म्हणतो, “पट्टा तुटला.” मागून कुकर मस्त चालू असल्याचा आवाज येत होता. मग स्वप्निल. ‘नाकारा’. “म्याडम, पोटात दुखून राहिलं.” मग लखमाला गेलं. मी म्हटलं, लखमा घेईल. हात भाजला तरी तो लखमा आहे.

‘नाकारा’.

लखमानं! ज्यानं जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, त्यानं पहिलं ‘नाकारा’ दाबलं ते दहा गुंठ्यांच्या लाल कामावर. मीच शिकवलं आणि माझ्यावरच उलटलं म्हणायचं. मी फोन केला. तो एवढंच म्हणाला, “म्याडम, तुमीच तर शपथ घातली व्हती.” आणि हसला. मागं रत्नपालही हसत होता. म्हणजे हे दोघं एकत्र चहा पीत बसले होते!

राहता राहिला शिवा. ॲपनं काम त्याला पाठवलं. लगेच ‘स्वीकारा’.

माणिकराव म्हणाले, “बघ, हात न घालता गेला का न्हाई तुझा भाऊ?” मी म्हटलं, “मालक, ही शिस्त आहे का? चौघांनी मिळून खोटं बोलायचं?” ते म्हणाले, “साधना, तू हिशोब कर, मी भजे मागवतो.” काय बोलतात देव जाणे. उद्या चौघांनाही झापणार आहे.

५ मार्च, बुधवार

झापायचं राहून गेलं, कारण दिवसभर मी मोबाइलवर शिवाचा ठिपका बघत बसले होते. दहा गुंठ्यांची हळद फार तर अडीच तासांचं काम. तो सकाळी पोचला आणि ठिपका नामाजीमामांच्या वावरातून संध्याकाळपर्यंत हलला नाही. कुकर बंद पडला का? फोन उचलत नव्हता. ॲपनं तीनदा ‘विलंब’ दाखवलं. मी पुण्याला फोन करणार होते, की ठिपका अडकलाय तुमचा. माणिकराव म्हणाले, “राहू दे ना बाई त्याला तिथंच.”

६ मार्च, गुरुवार

शिवा सकाळी आला. एकटा. हाताला हळद, डोळे लाल, पण चेहरा निवळलेला. आई देवळात गेली होती. मी चहा दिला आणि समोर बसले.

“काय म्हणाली?”

“लय बोललो आमी. ती पाट्या घालायची, मी आग बघायचो. शिजून झाली तरी कुकर तसाच चालू ठेवला.”

“येते का?”

त्यानं कप खाली ठेवला. “अक्का, तू राग नको मानू. ती म्हणली, घरात कुणाची तकलीफ न्हाई. सगळे जीव लावतेत. फक्त मला न्हाई म्हणता येत न्हाई, आन् अक्काला थांबता येत न्हाई.”

“म्हणजे काय?”

“मला बी आधी कळलं न्हाई. ती म्हणली, मी सकाळी उठते तवा माझा दिवस आधीच कुणीतरी वाटून टाकलेला असते.”

मी तिथून उठून आले. दिवसभर काम केलं, काय केलं आठवत नाही. मी तिला कधी मारलं? कधी आवाज चढवला? बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तेव्हापासून ह्या घरात कुणी काय करायचं ते मीच बघितलं, म्हणून घर उभं राहिलं. तिला कामं सांगितली ती तिच्या हाताला गुण आहे म्हणून. भरवसा होता म्हणून. आणि तिनं सांगायला हवं होतं ना! ती एकदाही नाही म्हणाली नाही, मग मला कसं कळणार, की

आज एवढंच.

७ मार्च, शुक्रवार

लिहावंसं वाटत नाही. गोजरबाईचं ते बोलणं डोक्यातून जात नाही.

९ मार्च, रविवार

आज शिरड शहापूरला जाऊन आले. आईलाच सांगितलं होतं. औंढ्याला गाडी बदलली, पुढं जीप मिळाली. जीपमध्ये बोलायचं सगळं पाठ करत गेले.

नामाजीमामांनी बाजेवर सतरंजी टाकली. सीमाच्या आई, अनुसयाबाई, पाणी घेऊन आल्या. मामा समोर बसून म्हणाले, “यंदा आभाळ लय येऊन राहिलं.” आत चुलीपाशी बांगड्या वाजत होत्या. चिमी दारातून बघून पळाली. मला ओळखलं नाही लेकरानं. मग मला शिवाचं म्हणणं पटलं. इथं बसले तर संध्याकाळपर्यंत पावसाचंच बोलणं होणार.

मी उठलेच. खळ्यावर शिजलेली हळद वाळत घातली होती, ती उलटायची होती. मी चप्पल काढून पाय घातले. अनुसयाबाई धावत आल्या, “अवो, पाव्हण्याबाईनं काहून! लोक काय म्हणतील!” मी म्हटलं, “म्हणू द्या मामी. सीमाला पाठवा.”

सीमा आली. वाळलीय जरा. वाकून पाया पडायला लागली तर मी तिला उचलून उराशी धरलं. दोघी रडलो. मग गुडघ्यावर बसून हळद उलटायला लागलो, ती तिकडून, मी इकडून. मी पाठ केलेलं सगळं विसरले.

शेवटी म्हटलं, “सीमा, मी घराचं सगळं नव्यानं ठरवलंय. सकाळचा स्वयंपाक मी करणार. आईचं पाणी आणि शेक शिवा. दळण मी. भांड्यांना बाई लावते. डबे मी. तुला काही म्हणजे काहीच नाही. आजच चल माझ्यासोबत. कपडे भर.”

ती हळद उलटत राहिली. मी वाट बघत होते, ‘व्हय अक्का’ची.

“न्हाई अक्का,” सीमा म्हणाली.

इतकं हळू, की मला वाटलं वाऱ्याचा आवाज. तिचे कान लाल झाले होते. माझ्याकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.

“आज न्हाई. होळी आईकडं करते, मंग येते. त्यांना या म्हणा, कामावर या म्हणा, पाव्हणा मनून नको.” आणि मग एकदम धरण फुटल्यासारखी बोलली. “आन् सकाळचा सयपाक माझ्याकडंच राहू द्या. तुमच्या भाजीत मीठ नसते, चिमी खात न्हाई. आत्याबाईंचा शेक बी मीच करते, त्या मला गोष्टी सांगतेत तवा. मला कामाचं वझं न्हाई वो अक्का. तुमी आत्ता बी मला न इचारता वाटून टाकलं सगळं. मला इचारा ना एकदा. आन् दुपार माझी. दुपारी मला कुणी हाक मारायची न्हाई. मी झोपंन, न्हाईतर नुसती गच्चीवर बसंन, काय करायचं ते करंन.”

बोलली आणि तोंडावर पदर घेतला. आता अक्का काय म्हणते, ह्या भीतीनं खांदे आवळून बसली. कुणी तिच्या अंगावर धावून येणार असावं तशी बसली होती. ही पोरगी तीन वर्षं माझ्यासमोर अशीच बसत असेल का? मला दिसलं कसं नाही?

“दुपार तुझी,” मी म्हटलं. “घेतली तर माझी जीभ झडो.”

ती पदराआडून हसली. रडत हसली.

“आणि मग मी काय करू?” मी विचारलं. खरंच विचारलं. माझ्या आयुष्यात हा प्रश्न मी कुणाला विचारल्याचं आठवत नाही.

सीमानं माझ्याकडे बघितलं, माझ्या पिवळ्या हातांकडे, फुटलेल्या टाचांकडे. मग माझ्या हातातली हळद काढून घेतली आणि खळ्याच्या कडेला, लिंबाच्या सावलीत बोट दाखवलं.

“तुमी बसा.”

मी बसले. हातांचं काय करावं कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. थोड्या वेळानं चिमी आली, लांबूनच माझं निरीक्षण केलं आणि मग आत्या म्हणून मांडीत येऊन बसली. सीमानं उरलेलं खळं एकटीनं उलटलं, घाई न करता. पलीकडच्या कोपऱ्यातली हळद उलटायची राहिली होती, ती मला इथून स्पष्ट दिसत होती. मी काही बोलले नाही.